चार वाजताची अंत्ययात्रा

बाबा, गेल्या रविवारी सकाळी तुमचा धाकटा भाऊ मोबाईलवर वारला. असं एकदम लिहिलं की तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणाल, "नीट सांग, अर्धवट सांगू नको." नीटच सांगते. तुम्ही होता तेव्हा आपल्या अख्ख्या गल्लीत एक फोन होता आणि बाकी सगळ्यांची सुखदुःखं तुमच्या तारघराच्या खिडकीतून यायची-जायची. आता ज्याच्या-त्याच्या हातात स्वतःचा फोन असतो. त्यात फोटो येतात, माणसं चालता-बोलताना दिसतात, आणि एका घरची, एका गावची, एका शाळेची माणसं आपापले ग्रुप करून त्यात बसलेली असतात. एकानं काही लिहिलं की सगळ्यांना दिसतं, आणि ते सगळे उचलून पुढच्या सगळ्यांना देतात. तुमचं तारघर कधीच बंद झालं. ज्या दिवशी बंद झालं त्या दिवशी मी आत्याला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं बाप्पा, त्या तारेनं आजवर कोणाचं भलं केलं?"

आत्या माझ्याजवळच असते, अमरावतीला. आई गेल्यावर ती आपल्या घरी आली ती राहिलीच. आधी तिनं मला सांभाळलं, आता मी तिला सांभाळते, पण हे तिच्यासमोर म्हणायची सोय नाही. ऐंशी केव्हाच ओलांडली तिनं. कान शाबूत, दात बरेचसे शाबूत, जिभेचं तर विचारूच नका, फक्त हृदय थकलं आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना एकदम धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. मी म्हटलं, डॉक्टर, या वयाच्या माणसाच्या ओळखीतलं दर महिन्याला कोणीतरी जातंच. ते म्हणाले, मग हळूहळू सांगा. गेलेल्या माणसाची बातमी हळूहळू कशी सांगतात ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तुमच्यामागे तिला भाऊ उरला तो एकच, अकोल्याचा काका. रोज संध्याकाळी दोघं फोनवर भांडतात. तो म्हणतो तुले ऐकू येत नाही, ती म्हणते तुले बोलता येत नाही. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर हिला जेवण जात नाही.

रविवारी ती मागच्या अंगणात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी चहाचा कप घेऊन मोबाईल उघडला तर आपल्या घरच्या ग्रुपमध्ये काकाचा फोटो. फोटोला हार, कोपऱ्यात तेवती समई, आणि खाली लिहिलेलं, दुःखद निधन, अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता राहत्या घरून. त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागलेली. माझा चहा तसाच राहिला. रडू आलं नाही, हे खरं सांगते. पहिलं मनात आलं ते आत्याचं. बातमी खरी असेल तर दुपार व्हायच्या आत तिला गाडीत घालून निघायला हवं, नाहीतर तिचा भाऊ तिनं बघायच्या आत उचलला जाईल. तुमच्या वेळी मी पोचले नव्हते. शेवटचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. आणि बातमी खोटी असेल, आणि मी ती अंगणात जाऊन तिच्या पुढ्यात टाकली, तर एका जिवंत माणसापायी दुसरं जिवंत माणूस जायचं. एवढंच होतं बाबा. तिला सांगायचं की नाही, आणि ठरवायला हातात घटका-दोन घटका.

तुम्ही मला एकदाच खरं रागावला होता. मी दुसरी-तिसरीत असेन. शाळेतून धावत आले आणि गल्लीत घरोघर सांगत सुटले की आमच्या बाई विहिरीत पडून मेल्या. त्या पडल्या होत्या हे खरं, पण विहिरीत नाही, पायरीवर, आणि पाय मुरगळला होता. संध्याकाळी तुम्ही मारलं नाही. माझा हात धरून मला त्याच घरांवर परत नेलं आणि प्रत्येक दारात उभं राहून माझ्याकडून म्हणवून घेतलं, "मी पाहिलं नाही, मी ऐकलं." एका काकूंनी हसून म्हटलं, जाऊ द्या नं तारबाबू, लेकरू हाय. तुम्ही म्हणालात, "लेकरूच हाय वहिनी, पण बातमी तं मोठ्या माणसाची घेऊन आली होती." घरी आल्यावर मात्र मला मांडीवर घेऊन समजावलं की तारेत एखादं अक्षर खुपलं तर आपण पलीकडच्या गावाला उलट विचारतो, परत पाठव म्हणतो, त्यात कमीपणा नसतो. शाळेत पुढे मी पोरांना तेच शिकवलं. आपल्या ग्रुपमध्येही तेच करते. कोणी लिंबू आणि ओव्यानं कॅन्सर बरा केला की मी खाली विचारते, हे कोणी सांगितलं, कुठे केलं, कोणावर केलं. पोरं चिडवतात. म्हणतात, आल्या तारबाबूच्या लेकीबाई, पावती दाखवा.

तर त्या दिवशी मी उलट विचारायला बसले. काकाचा फोन बंद. काकूचा वाजतोय, कोणी उचलत नाही. तोवर माझ्या मोबाईलवर आणखी तीन ग्रुपमधून तोच फोटो आला, शाळेच्या, गावच्या, आणि रिद्धपूरच्या यात्रेला सोबत गेलेल्या बायकांच्या. एखाद्याला वाटेल, चारी बाजूंनी आलं म्हणजे खरंच. पण मी फोटो निरखून पाहिले. चारही ठिकाणी समईची एकच वात काजळलेली आणि "अंत्ययात्रा" मध्ये एकच चूक. म्हणजे बातमी एकच, वाचणारे चार. मला जरा धीर आला. मी काकाच्या मुलाला फोन लावला, तो हैदराबादला असतो. पोटचा पोरगा, त्याला तर घरून कळलं असणार. त्यानं पहिल्या घंटीला उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ताई, खरं हाय काय गं? मी ग्रुपवरच पाह्यलं. आई फोन उचलून नाही राहिली." तो रस्त्यात होता, विमानतळाकडे निघाला होता, आणि एवढा मोठा बाप्या हुंदके देत होता. मी म्हटलं, थांब, मी बघते. काय बघणार होते कोण जाणे.

मग एकेकाला धरून मागे मागे गेले. तुला कोणी पाठवलं? त्याला कोणी पाठवलं? लोकांना राग येतो हो असं विचारलेलं. एकानं तर सुनावलं, "घरात मयत झाली अन् तुमाले चौकशा सुचून राहिल्या?" तरी विचारत गेले, आणि दोरी जाऊन पोचली धारणीला. काकूची सख्खी बहीण तिथे असते, मेळघाटाच्या तोंडाशी, जिथे फोनला रेंज मिळाली तर सण. तिच्या मुलानं मला सांगितलं, "आमाले मावशीनंच कळवलं," आणि काकूचा मूळ निरोप जसाच्या तसा फोटो काढून पाठवला. काकूच्या फोनवरून, काकूच्या शब्दांत. तुझे भाऊजी गेले. मले फोन करू नको, माह्यानं बोलणं होत नाही. बाबा, यावर काय शंका घ्यायची? बायकोच सांगते आहे नवरा गेला. तिच्याहून जवळचं कोण? तरी मी शेवटचं म्हणून काकाच्या घरासमोरच्या शिलाईवाल्या चाचांना फोन केला. आत्याची पोलकी अजूनही त्यांच्याकडूनच शिवून येतात, म्हणून नंबर होता.

चाचा म्हणाले, "बेटी, मी दुकानातच हाओ. तुमच्या काकाच्या दाराले कुलूप हाय. लोकं जमा होऊन राहिले. दवाखान्यातून आणून राहिले म्हणतात." मी विचारलं, तुम्ही काकांना स्वतः पाहिलं का? म्हणाले, "मी कायले खोटं बोलू, मी नाही पाह्यलं. पण सकाळी माह्या पोरानं त्यायले दोघाले ऑटोत बसताना पाह्यलं. लय घाईत होते म्हणते." तुमच्या तालमीतली असून आणखी काय करायचं होतं मी? बातमीचं मूळ सापडलं होतं, ते घरातलंच होतं, आणि दोघांना घाईत जाताना डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार होता. मी मोबाईल पालथा ठेवला आणि अंगणात गेले.

सांगताना हळूहळूच सांगितलं. आधी म्हटलं काकाला बरं नाही. मग म्हटलं जास्त आहे. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले लेकरू समजून राहिली का तू? गेला नं?" मी मान हलवली, आणि काकूनं धारणीला बहिणीला कळवल्याचं सांगितलं. ती लगेच रडली नाही. सुपातले दाणे हातानं एका बाजूला केले, टरफलं एका बाजूला केली. मग म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं तिनं? मी मोठी बहीण हावो. पह्यले मले सांगायचं का धारणीले?" मी म्हटलं, आत्या, ती शुद्धीवर तरी असेल का. तिला एवढंही खूप झालं. तेव्हा आत्यानं पदर तोंडात कोंबला आणि असा आवाज काढला की शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या. मी तिच्या छातीवर हात धरून बसले. गोळी जिभेखाली ठेवली. गाडी येईपर्यंत मला एकच भीती होती, आज दोघांची तयारी करावी लागते की काय.

बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत ती काकाशीच बोलत होती. मला वाटलं होतं मोठ्यानं रडेल, पण नाही, खिडकीतून बाहेर बघत हळूहळू त्याची खरडपट्टी काढत होती. तू मले डबडंभर बोरं आणून देतो म्हणे, अन् अर्धी वाटेतच खाल्ली. तुले शाळेत नेऊन बसवलं तं तू माह्याआधी घरी. लग्नात रुसून बसला तं मी समजावाले आली, दादा नाही आला. दादा म्हणजे तुम्ही. ड्रायव्हर तरुण होता. त्यानं गाणी बंद केली, आणि मूर्तिजापूरला न विचारता थांबून तिच्यासाठी पाणी आणि बिनसाखरेचा चहा आणला. मी मध्येमध्ये मोबाईल बघत होते. हात जोडणारे वाढतच होते. कोणीतरी काकाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, शांत आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व. त्या स्थितीतही मला हसू फुटलं असतं.

काकाच्या गल्लीत शिरलो तेव्हा गाडी पुढे जाईना इतकी माणसं. लोक खरंच चांगले हो. कोणी खुर्च्या मांडल्या होत्या, कोणी पाण्याचे माठ ठेवले होते, भिंतीला बांबू टेकवलेले, पायरीवर नवं मडकं. कुलूप तसंच होतं. आत्या खाली उतरली तशी बायकांनी वाट करून दिली, "बहीण आली, बहीण आली" म्हणत. ती त्या बंद दाराच्या पायरीवर बसली आणि तिथे मात्र तिनं गळा काढला. सगळ्या गल्लीचे डोळे पुसायला लागले. चाचा दुकान बंद करून रुमाल बांधून उभे होते. मी तिच्या पाठीशी उभी राहून तिचा श्वास मोजत होते, आणि मनात एकच, आणतात कधी, आणि ते बघून हिचं काय होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावर एक ऑटो येऊन थांबला. गर्दीमुळे पुढे येईना म्हणून माणसं उतरली. कपाळाला गंध, हातात फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी, खांद्यावर टॉवेल, असा काका उतरला. मागून काकू. काकानं गर्दी पाहिली, बांबू पाहिले, चाल हळू केली, चेहरा लांब केला आणि कडेला उभ्या असलेल्या एका माणसाच्या कानाशी लागून दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

तो माणूस दोन पावलं मागे सरला. बघतच राहिला. एकेकाची मान तिकडे वळत वळत पाळी पायरीपर्यंत आली आणि आत्याचा आवाज मध्येच थांबला. तिनं वर पाहिलं. मी तिचा दंड घट्ट धरला, कारण आनंदाचा धक्का डॉक्टरांनी वेगळा काढला नव्हता. ती उठली, माझा हात झटकला, गर्दीतून सरळ त्याच्यापर्यंत गेली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून इकडून तिकडून पाहिलं, आणि मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "कुठी गेलता रे तू?" काका म्हणाला, "महादेवाले. हिनं नेलं. तू कायले आली इतक्या दूर, तुले बिपी हाय नं?" तेव्हा काकू मटकन खाली बसली.

झालं होतं असं. आदल्या दिवशी काका गच्चीवर गव्हाच्या कुरड्या राखत बसला होता आणि एक कावळा येऊन त्याच्या डोक्यावर बसला. तुम्हाला पुढचं सांगायला नको. डोक्यावर कावळा बसला की माणसाचं मरण आलं, आणि ते टाळायचं तर लांबच्या नातेवाइकाला तो मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. तिकडे कोणीतरी खरं मानून रडलं की ते मरण त्या आसवांत जातं. काका मागच्या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठलेला. काकूनं रात्रभर डोळा मिटला नाही. सकाळी बहिणीला निरोप लिहिला, आणि नवऱ्याला काही न सांगता महादेवाला घेऊन गेली, दोघांचे फोन घरी ठेवून. "म्या फक्त तिलेच कळवलं होतं," ती म्हणाली, "फोन करू नको म्हटलं, कारण तोंडानं माह्याच्यानं खोटं बोलवलं नसतं. वापस आली की सांगणारच होती." गर्दीतला एक तरुण चिडून म्हणाला, काकू, शिकलेल्या असून तुमी हे काय केलं. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण आत्या तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं?" काकू म्हणाली, "ताई, तुमच्या छातीले सोसलं नसतं." आत्या म्हणाली, "अवं, सोसलं नं. रडणारंच माणूस पाह्यजे होतं तं त्याच्यासाठी माह्याएवढं कोण रडन? धारणीवाली रडली असन दोन आसवं." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून नव्यानं रडल्या. मी चाचांच्या ओट्यावर जाऊन बसले.

हैदराबादवाल्याला फोन लावून मी काकाच्या कानाशी धरला. तो विमानतळावर होता. बापाचा आवाज ऐकून म्हणाला, व्हिडिओ लावा. व्हिडिओ लावला तरी त्याचं समाधान होईना, आता म्हणे तेही बनवता येतं. म्हणाला, बाबा, माझी सायकल कोणत्या रंगाची होती? काका म्हणाला, "लाल. अन् थे तूनं विहिरीत टाकली, अन् चोरानं नेली म्हणून सांगतलं." तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. कोणीतरी चाचरत विचारलं की बांबूचं काय करायचं. काका म्हणाला, ठेवा, वालाचा वेल चढवतो. मडकं मात्र काकूनं स्वतःच्या हातानं गल्लीच्या बाहेर नेऊन फोडलं.

परत येताना आत्या झोपली आणि मी पुन्हा मोबाईल घेऊन बसले, आता रागानं. ती समई कोणी लावली, ते चार कोणी वाजवले, हे मला बघायचंच होतं. समई बहिणीच्या मुलानं लावली होती, मावशीचा निरोप कोरा कसा पाठवायचा म्हणून. वेळेचं तर फारच साधं निघालं. एकानं विचारलं होतं, केव्हा नेणार? दुसऱ्यानं लिहिलं, पोरगा हैदराबादहून यायचा, बहुतेक चार वाजतील. तिसऱ्यानं पुढे पाठवताना "बहुतेक" तेवढं ठेवलं नाही. म्हणजे बाबा, या अख्ख्या साखळीत एकाही माणसानं वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. ज्यानं-त्यानं आपल्या परीनं सोय केली. आणि त्यातून माझ्या आत्याच्या जिवाशी खेळ झाला. ग्रुपमध्ये मी लिहिलं, काका सुखरूप आहेत, आज त्यांना भेटून आले. ते पाच-सहा जणांनी वाचलं. श्रद्धांजल्या अजून येताहेत. काल काकानं स्वतःच एकाला खाली धन्यवाद म्हणून लिहिलं.

मग मला धामणगाव रेल्वेचं तारघर आठवलं. एक माणूस तुमच्या खिडकीशी आलेला, अंगावर चांगला सदरा, आणि मी आत बाकावर पाढे लिहीत बसलेली. त्याला आई वारल्याची तार करायची होती आणि आई बाहेर बैलगाडीत बसून पान खात होती. त्याच कारणानं, कावळा. तुम्ही म्हणालात मजकूर खोटा आहे हे मला दिसतंय. तो म्हणाला, तारबाबू, तुमी अक्षरं पाठवा, मतलब मी पाहतो. तुम्हाला नाकारता येत नव्हतं. तुम्ही त्याला बसवलं आणि त्याच वेळी दुसरी तारही लिहून घेतली, आई बरी आहे, काळजी नको. पहिली पोचल्याचं कळलं की लगेच दुसरी सोडणार, असं बजावलं. तो गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, "कोण सांगतं अन् कुठून सांगतं, हे आपल्याले तारेवर दिसते. काहून सांगतं, थे नाही दिसत. थे माणसालेच विचारा लागते." रविवारी मी पहिले दोन प्रश्न घेऊन धारणीपर्यंत गेले. तिसरा, का हा, आत्यानं अंगणात विचारला होता, तोही रुसून, आणि मी तिचीच समजूत घालत बसले.

काकूवर रागवायचं मी ठरवलं होतं, पण राग काही टिकेना. तिनं नंतर मला एकटीला विचारलं, "खरं सांग, तुले हे सगळं येडेपणा वाटते नं?" मी म्हटलं वाटतो. ती म्हणाली, "मलेही वाटते. पण कावळा माह्या डोक्यावर बसला असता तं म्या काहीच केलं नसतं." मी तिला घट्ट धरलं. आता तिच्या फोनमध्ये माझा नंबर सगळ्यात वर आहे आणि तिला सांगून ठेवलं आहे की पुन्हा असं काही मनात आलं तर पहिला निरोप मला कर, मी विश्वास ठेवून रडेन, पण पुढे कोणाला पाठवणार नाही. ती हसली. आत्याला हे कळलं तर ती म्हणेल, रडाले मी हावो नं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. टाकायचं तर तुमच्याच टपाल-तार खात्यात टाकावं लागेल. तुमच्या वेळी नागपूरला होस्टेलवर मला तार आली होती, वडील गंभीर, ताबडतोब निघा. तुम्हीच मला घरी सांगितलेलं की या चार शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा सगळं संपलं असाच असतो, निघणाऱ्या माणसानं पायावर उभं राहून घरी पोचावं म्हणून तसं लिहितात. मला ते पक्कं माहीत होतं. तरी त्या दिवशी बसमध्ये मी ती तार पुन्हा पुन्हा काढून वाचली आणि जसं लिहिलं होतं तसंच धरलं. कोणाला उलट विचारलं नाही. घरी पोचले तेव्हा लोक स्मशानातून परत येऊन अंघोळी करत होते. साऱ्या जगाच्या बातम्या तपासत फिरणारी मी, ती एक तार अजून तपासलेली नाही बाबा. अजूनही माझ्या लेखी तुमची तब्येत गंभीर आहे, आणि मी निघालेली आहे.